‘फिट’ दाखला जोडला की मृत्युपत्र मोडत नाही, हा समज चुकीचा आहे

लातूर, बीड, धाराशिवकडच्या अनेक गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. घरातील वृद्धांचे मृत्युपत्र करताना कोणत्याही डॉक्टरचा ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असा दाखला जोडून दस्त नोंदवला, की न्यायालय तो रद्द करू शकत नाही; स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असेल तर मृत्युपत्र करताच येत नाही; म्हणून आधीच मुलाच्या नावे मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा दस्त, करून ठेवावे, ते पुढेही चालते. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यांच्या भरवशावर राहिलेल्या घरांत भावंडांचे दावे वर्षानुवर्षे चालतात.

पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. दाखला हे डॉक्टरांचे मत असते, ते न्यायालयावर बंधनकारक नसते. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. नोंदणीने ही जबाबदारी टळत नाही, कारण दुय्यम निबंधक ओळख पटवून दस्त कबूल आहे का एवढे विचारतो. मनाची सविस्तर तपासणी करणे हे त्याचे काम नव्हे. ‘तपासले, फिट आहे’ एवढीच ओळ लिहिणाऱ्या डॉक्टरांना उलटतपासणीत ‘काय विचारले होते?’ असा प्रश्न आला, की दाखवायला नोंदच नसते.

खरी तपासणी वेगळी असते. कोणत्या निर्णयासाठी मत हवे आहे, हे वकिलाने मानसोपचारतज्ज्ञांना पत्राने कळवावे. ज्या मुलाला जमीन मिळणार आहे त्याने खोलीबाहेर थांबावे. मृत्युपत्र म्हणजे काय, जमीन किती आणि कोणत्या गट क्रमांकात, वारस कोण, लेकीला वगळले असेल तर का, हे तज्ज्ञांनी विचारावे आणि उत्तरे त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. 30 गुणांची स्मृतिचाचणी उपयोगी असली तरी तिच्या गुणांवर शिक्षणाचा परिणाम होतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या औशाच्या आजीला 100 मधून 7 वजा करत जाणे जमणार नाही, आजची तारीखही कदाचित सांगता येणार नाही. पण गेल्या वेळ अमावास्येच्या सणाला शेतात कोण आले होते आणि विहिरीच्या पाण्यात कोणाची पाळी किती, हे ती बिनचूक सांगत असेल, तर ती नोंद अधिक बोलकी आहे. वेळही महत्त्वाची आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला किंवा रक्तातील सोडियम उतरले, तर वृद्ध माणूस काही दिवस भ्रमात जातो आणि उपचारांनी सावरतो. अशा दिवसांत केलेली तपासणी कोणाच्याच उपयोगाची नसते. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले असावे, आणि सही शक्यतो तपासणीच्याच दिवशी व्हावी. अशी तपासणी खासगी तज्ज्ञ करतात, तसेच छत्रपती संभाजीनगरच्या (घाटी) किंवा अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागातही त्याविषयी विचारणा करता येते.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणजे हक्क संपला, हेही खरे नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 59 नुसार, एरवी मन ताळ्यावर नसणाऱ्या व्यक्तीलाही ती शुद्धीत असलेल्या काळात मृत्युपत्र करता येते. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की, केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणाला विकल मनाचे ठरवता येत नाही. त्या दिवशी, त्या निर्णयापुरती समज होती का, हाच प्रश्न असतो.

मुखत्यारपत्राबाबतचा सल्ला तर उलट्या दिशेचा आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, अधिकार देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्याराचा अधिकार सर्वसाधारणपणे संपतो. म्हणजे ज्या काळासाठी ते करून ठेवले, त्याच काळात ते निरुपयोगी ठरते. 2017 च्या कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूदही नाही. त्यामुळे समज पूर्ण हरपलेल्या वडिलांच्या उपचारांसाठी त्यांची जमीन विकायची असेल, तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि तिथेही न्यायालय आधी वैद्यकीय अहवालच मागते.