आजी काय, बाल्कनीत बसतील

आज दुपारी कर्वे रस्त्यावरच्या एका पर्यटन कंपनीच्या कार्यालयात दिवाळीच्या सुट्टीतल्या क्रूझची चौकशी करत बसले होते. आम्ही एकूण अकरा जण आहोत. ७९ वर्षांची आई, आम्ही दोघे, माझा मुलगा, नाशिकचे दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुले, माझी लेक, जावई आणि दिवाळीत आठ महिन्यांची होणारी नात. समोरच्या तरुणाने सिंगापूर, पेनांग, फुकेत असा कार्यक्रम मांडला. फुकेतला जहाज धक्क्याला लागते की लहान होडीतून उतरावे लागते, असे मी विचारले. तो हसून म्हणाला, "मॅडम, होडीनेच जावे लागते, पण आजींना काय, त्या बाल्कनीत बसतील, समुद्र बघतील. जेवण तर दिवसभर मिळतेच."

मी उठले, माहितीपत्रक पिशवीत टाकले आणि घरी आले. आता रात्रीचे दहा वाजले आहेत आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कारण आजी बाल्कनीत बसल्या की काय होते, हे मी पाहिलेले आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही सात जण याच मार्गाने गेलो होतो. फुकेतला पातोंगच्या किनाऱ्यापासून दूर जहाज नांगर टाकून उभे राहिले आणि प्रवाशांना खालच्या दारातून लहान बोटींत उतरवू लागले. या बोटींना त्यांच्या भाषेत 'टेंडर' म्हणतात. शिडी ओली होती, बोट लाटेवर हातभर वरखाली होत होती आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांनी तेव्हाच असहकार पुकारलेला होता. आई म्हणाली, "तुम्ही जा, मी इथे मजेत आहे." आम्ही गेलो. संध्याकाळी परतलो, तेव्हा ती बाल्कनीतल्या त्याच खुर्चीत बसलेली होती आणि तिने अगदी सहज सांगितले, "तुमच्यानंतर सतरा बोटी गेल्या."

सतरा बोटी. तिने दिवसभर बोटी मोजल्या होत्या.

क्रूझ निवडताना आपल्याकडे सगळे जण जहाज निवडतात, हीच मूळ चूक आहे. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले पंधरा दिवस हेच चालले आहे. दादाचा मोठा मुलगा रोज 'आयकॉन ऑफ द सीज'चे व्हिडिओ पाठवतो. ते जहाज २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्यांदा निघाले, त्याला वीस डेक आहेत, लांबी सुमारे ३६५ मीटर आहे आणि जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी त्यावर मावतात. पुण्याहून मायामीला कोण आणि कशाने जाणार, हा प्रश्न त्याला पडलेला नाही. पण ३६५ मीटर म्हणजे काय, हे आईच्या हिशेबाने सांगते. आमच्या घरापासून मारुतीचे देऊळ याहून जवळ आहे आणि तिथे जाताना ती वाटेत दोनदा कट्ट्यावर टेकते. जहाजाच्या एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला भोजनगृह मिळाले, तर तीन वेळचे जेवण म्हणजे पर्वतीची चढउतार होईल. मोठे जहाज हलते कमी आणि त्यावर लिफ्टही भरपूर असतात, हे मान्य आहे. मुले कंटाळत नाहीत, हेही मान्य आहे. पण सोळा वर्षांची मुले कुठेही कंटाळतात, त्यासाठी समुद्रात जायची गरज नाही.

वहिनींना जहाज नवे हवे आहे आणि जावयांना दर कमी हवा आहे. जावयांना माझे एवढेच सांगणे आहे की जाहिरातीतला दर म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त असतो. त्यावर बंदरशुल्क चढते, बऱ्याच कंपन्या दर माणशी दर दिवशी ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या सेवकांची बक्षिसी, लावतात आणि जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल आपल्या खात्यावर वेगळे पडते. आईचा रक्तदाब आणि मधुमेह जुना आहे, तेव्हा जुन्या आजारांना धरणारा विमा असल्याशिवाय मी तिला जहाजावर पाऊल ठेवू देणार नाही.

नातीच्या बाबतीतही तेच आहे. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालचे बाळ घेत नाहीत आणि लांबच्या महासागरी सफरींना तर पूर्ण वर्षाची अट असते. ते आपण विचारतो, कारण नाहीतर बुकिंगच होत नाही. पण डायपरमधल्या बाळाला बहुतेक जहाजांच्या तलावात उतरू देत नाहीत आणि मुलांचे क्लब साधारण तीन वर्षांपासून पुढचे असतात, हे कोणी विचारत नाही. थोडक्यात, त्या रंगीत घसरगुंड्यांचे पैसे आपण भरायचे आणि आमच्या घरातली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी, दोघींनी केबिनमध्ये एकमेकींकडे बघत बसायचे.

केबिनवरून आठवले. मागच्या वेळी आईच्या न्हाणीघराला चांगला चार बोटे उंच उंबरठा होता. पहिल्याच रात्री ती त्याला अडखळली आणि दाराच्या कडीला धरून कशीबशी सावरली. सकाळी मला म्हणाली, "घरचा उंबरठा ओलांडून आले, तर इथे आणखी एक." बिनउंबरठ्याच्या, रुंद दाराच्या केबिनी जहाजांवर असतात. त्या मोजक्याच असतात आणि आधी मागणाऱ्यालाच मिळतात. मला ते माहीत नव्हते आणि मला ते कोणी सांगितले नाही. मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन कमी हलते, हेही मला परतल्यावर कळले. तोपर्यंत आम्ही सर्वांत वरची, अगदी पुढच्या टोकाची केबिन घेऊन, जास्तीचे पैसे मोजून, दोन रात्री ओवा चघळत काढल्या होत्या.

इथपर्यंत लिहून थांबले, चहा केला. खरे सांगायचे तर त्या मुलावर एवढे चिडण्याचा अधिकार मला नाही. त्याने जे वाक्य आज उच्चारले, त्यावर मी दोन वर्षांपूर्वी अंमल केला होता. "तुम्ही जा" असे आई म्हणाली आणि मला ते ऐकायचेच होते, म्हणून मी ते पहिल्याच फटक्यात ऐकले. एरवी "अजून एक पोळी नको" हे तिचे म्हणणे मी चार वेळा मोडून काढते. बोट जहाजापासून दूर जाताना मी पातोंगच्या दिशेने फोन धरून फोटो काढत होते. मागे वळून पाहिले असते, तर ती दिसली असती.

आणि ही बाई समुद्राला घाबरणारी नव्हे. आईचे माहेर राजापूरच्या बाजूचे. त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आगबोटी जात. जैतापूरच्या खाडीबाहेर आगबोट उभी राही, पडाव तिच्या अंगाला येऊन भिडत आणि माणसे, ट्रंका, फणस सगळे त्यात उतरे. "सात वर्षांची असताना एका खलाशाने मला काखोटीला मारले आणि पडावात ठेवले, फणस ठेवावा तशी," हे ती आजही सांगते. म्हणजे टेंडर काय असते, हे आम्हा सगळ्यांत फक्त तिला ठाऊक होते. तिला उचलणारा खलाशी तेवढा उरला नव्हता. नियमही तसाच आहे. बऱ्याच जहाजांवर लाटा असताना व्हीलचेअरला टेंडरमध्ये प्रवेश नाही आणि ते योग्यच आहे, कारण ७९ व्या वर्षी मोडलेले खुबे सहजी सांधत नाहीत.

म्हणून यंदा मी ठरवले आहे की प्रत्येक थांब्यापुढे 'धक्का' की 'नांगर' एवढेच लिहून मागायचे. पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्यालाच लागते, आई उतरून गावात रिक्षाने फिरू शकते. लक्षद्वीपला मोठे जहाज प्रवाळाच्या बाहेरच थांबते, म्हणून ते आमच्यासाठी बाद. ज्यांना युरोपची स्वप्ने पडत आहेत, त्यांनी ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचा विचार करून पाहावा. आधी होडी, मग केबल कार नाहीतर पाचशेहून अधिक पायऱ्या. छायाचित्रात मात्र ते फार सुंदर दिसते, हे खरे आहे.

उरतो मुंबई ते गोवा. २०२१ पासून 'एम्प्रेस' नावाचे जहाज मुंबईहून जाते. पासपोर्ट नको, विमान नको, जेवणात वरण-भात मागताना खुणा कराव्या लागत नाहीत आणि गोव्याला मुरगावच्या धक्क्यावर जहाज थेट लागते. ते १९९० सालचे आहे, म्हणून वहिनींनी नाक मुरडले. माझा संसारही त्याच सुमाराचा आहे आणि तो व्यवस्थित चालतो आहे. घसरगुंड्या कमी आहेत, भाचा दोन दिवस तोंड फुगवून बसेल, हे मी गृहीत धरले आहे. पैशांचा हिशेब अजून जमलेला नाही आणि सगळे तयार होतील याचीही खात्री नाही.

रात्री जेवताना मी आईला फक्त एवढेच विचारले की बोटीने गोव्याला यायचे का. तिने ताकाची वाटी खाली ठेवली आणि विचारले, "रात्री जैतापूरवरून किती वाजता जाईल?" मला ते माहीत नव्हते. ती म्हणाली, "विचारून घे. आणि खोली किनाऱ्याच्या बाजूची माग."

जाताना किनारा डाव्या हाताला राहील. उद्या त्या मुलाकडे परत जाणार आहे, डाव्या बाजूची, मधल्या भागातली, बिनउंबरठ्याची केबिन मागायला.