शब्दांच्या चिठ्ठ्या लावणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात असा: मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणून शब्दांच्या चिठ्ठ्या गटांत लावायचे खेळ इंग्रजीपुरते ठीक. मराठीसाठी रोज पानभर शुद्धलेखन काढा, चुकलेला शब्द दहादा लिहा, नियम पाठ करा. मी पुण्यात तिसरीला शिकवते. हे वाचून गप्प बसवत नाही, कारण या सल्ल्यापायी मुलं लिहिण्यालाच कंटाळतात.

आधी ‘बोलतो तशीच लिहितो’. ‘विशेष’ म्हणून बघा. बोलताना श आणि ष आपण बहुतेक जण सारखेच उच्चारतो. ‘चमचा’ आणि ‘चिमटा’ यांत अक्षर एकच, उच्चार दोन. ‘कवी’ सुटा लिहिला की दीर्घ, ‘कविसंमेलन’ लिहिलं की ऱ्हस्व. हे सगळं नुसत्या कानावर सोडून कसं चालेल?

दहादा लिहिण्याचं तर मला मनापासून वाईट वाटतं. दहा वेळा ‘फूल’ अचूक लिहिलेलं मूल पुढच्याच वाक्यात ‘फूलाला’ लिहितं. त्याचा तर्क बरोबरच आहे. शब्द बदलतो कसा हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. चिठ्ठ्यांचा उपयोग नेमका इथे होतो. मंडईतले, स्वयंपाकघरातले शब्द घ्यायचे: ऊस, मीठ, दूध, गूळ, पीठ. दुसऱ्या चिठ्ठ्यांवर उसाचा, मिठात, दुधात, गुळाचा, पिठाला. मोठ्यानं वाचून जोड्या लावायच्या. थोड्या वेळानं कुणीतरी ओरडतंच, “बाई, पुढे काही लागलं की पहिली होते!” मग मी हळूच ‘गुण–गुणाचा’ आणि ‘गीत–गीतात’ टाकते. वर्गात वाद पेटतो. एक मुलगी ‘गूण’ असंच हवं म्हणून अडून बसते, दुसरा पाठ्यपुस्तक उघडून दाखवतो. शेवटी तिसरा ढीग तयार होतो, ‘न बदलणारे’. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, हा शब्द त्यांना पुढे कधीतरी कळेल. ढीग मात्र आजच कळला.

नियम पाठ करण्याबद्दल. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी ४. मोठ्यांसाठी ते हवेतच. पण ‘अकारान्तापूर्वीचे इकार-उकार’ ही भाषा आठ वर्षांच्या मुलाला काय सांगणार? तोच नियम त्यानं मिठाच्या आणि गुळाच्या चिठ्ठ्यांतून स्वतः शोधलेला असतो.

इंग्रजीपुरतं ठीक, हेही पटत नाही. सेमी-इंग्रजीतली मुलं दोन्ही भाषा एकाच दप्तरात आणतात. ‘रेन’, ‘टेल’मध्ये ए-आय आणि ‘डे’, ‘प्ले’च्या शेवटी ए-वाय, हे गट लावलेलं मूल मराठीतही तसेच गट शोधायला लागतं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. नुसत्या वेलांट्या-उकार बघून चिठ्ठ्या लावल्या तर ते खरंच हस्तकौशल्य होतं. मूल शब्द न वाचताच पहिली-दुसरी वेलांटी वेगळी करतं आणि काम झालं म्हणतं. म्हणून दुसऱ्या फेरीत चिठ्ठी दाखवायचीच नाही. मी शब्द म्हणायचा, मुलानं ढीग सांगायचा, आणि तो का ते त्याच्या शब्दांत सांगायचं. हे न करता रंगीत कार्डं वाटणाऱ्यांवरची टीका मला मान्य आहे. श्रुतलेखनही मी सोडलेलं नाही. ते आठवड्याच्या शेवटी घेते, चिठ्ठ्यांवर नसलेल्या शब्दांचं: जीभ, चूल, वीट. ज्यांना अजून शंका आहे त्यांनी घरी ‘जिभेवर’, ‘चुलीत’, ‘विटेला’ लिहायला सांगावं. पानभर शुद्धलेखन काढणाऱ्या मुलालाही सांगावं आणि चिठ्ठ्या लावणाऱ्यालाही. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघाव्यात.