1997 ते 2027 : पर्थची हरवलेली तीस वर्षं

शनिवारी सकाळी मुलाला सरावाला सोडायला गेलो होतो. त्याच्या कोचने गाडीच्या डिकीतून चेंडूंची पिशवी काढली आणि तिच्याखाली घडी घालून ठेवलेली एक लाल जर्सी दिसली. रंग उडालेली, लहान मुलाच्या मापाची. मी विचारलं तर म्हणाला, "वेस्टर्न रेड्स. संघ बंद झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी माझ्या वयोगटाची टीमच भरेना, म्हणून दोन हंगाम मोठ्या पोरांत खेळलो. बाकीचे सगळे एएफएलकडे, ऑस्ट्रेलियन फुटबॉलकडे, गेले."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. इथे पर्थमध्ये सध्या उत्साह आहे. 2027 पासून पर्थचा संघ एनआरएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेत, उतरणार. मलाही मनापासून आनंद आहे. पण जो तो "नवा संघ, नवा संघ" म्हणतोय ते मला खटकतं. नवा नाही. पर्थला संघ होता, तेच वेस्टर्न रेड्स, आणि तो काढून घेतला गेला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रग्बी म्हटलं की आपल्याकडे पंधरा जणांचा खेळ डोळ्यांसमोर येतो. हे रग्बी लीग, तेरा जणांचं. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडायचं. तो उठतो, चेंडू टाचेने मागे सारतो, पुन्हा चढाई. सहाव्या पकडीनंतर चेंडू समोरच्यांकडे. मी कोल्हापूरचा, कबड्डी बघत वाढलेला. मला हा खेळ पहिल्याच दिवशी कळला. त्याचा जन्मही आपल्याला कळेल असाच आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडचे गिरणी आणि खाण कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, बुडालेल्या मजुरीचे सहा शिलिंग देऊ द्या. लंडनच्या साहेबांनी नाही म्हटलं. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. म्हणजे फूट या खेळाच्या जन्मातच आहे. पण ती फूट खेळाडूच्या पोटासाठी होती. शंभर वर्षांनी झाली ती टीव्हीसाठी.

1995 साली ऑस्ट्रेलियाची स्पर्धा वाढून वीस संघांची झाली. टाउन्सव्हिल, ऑकलंड, ब्रिस्बेनचा दुसरा संघ साउथ क्वीन्सलँड क्रशर्स आणि पर्थचे वेस्टर्न रेड्स असे चार संघ एकाच वर्षी आले. रेड्सचा पहिला घरचा सामना झाला वाकावर. हो, आपल्या फलंदाजांच्या बरगड्या शेकणारं तेच वाका. रेड्सनी सेंट जॉर्जला हरवलं. सिडनीपासून पर्थ विमानाने चार-पाच तासांवर, म्हणून प्रवेश देताना अट घातली होती की पाहुण्या संघांचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च पर्थनेच करायचा. घरात घेताना ताटाचे पैसे मागण्यासारखं हे. तरीही लोक आले.

आणि त्या पहिल्याच हंगामात, मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला, युद्ध पेटलं. रूपर्ट मर्डॉकच्या न्यूज लिमिटेडला नव्या पे-टीव्हीसाठी हा खेळ हवा होता. पारंपरिक संघटना, म्हणजे एआरएल, दुसरा टीव्हीमालक केरी पॅकरच्या बाजूला होती. आपल्याला पॅकर आठवतो तो 1977 च्या रंगीत कपड्यांच्या क्रिकेटमुळे, प्रस्थापितांना धक्का देणारा म्हणून; इथे तो प्रस्थापितांच्या बाजूने उभा होता. न्यूजने 'सुपर लीग' नावाची वेगळी स्पर्धा जाहीर केली आणि खेळाडूंना गुपचूप गाठून करारांवर सह्या घ्यायला सुरुवात केली. एआरएलनेही थैल्या सोडल्या. क्लब फुटले, जन्माचे मित्र बोलेनासे झाले. प्रकरण कोर्टात गेलं. फेब्रुवारी 1996 मध्ये सुपर लीगला मनाई झाली, ऑक्टोबरमध्ये अपिलात ती उठली, आणि 1997 साली एका देशात एकाच खेळाच्या दोन स्पर्धा झाल्या. एकीकडे बारा संघ, दुसरीकडे दहा. दोन विजेते. न्यूकॅसलमध्ये आधीपासून संघ असताना न्यूजने तिथे दुसरा उभा केला, अॅडलेडमध्ये नवा काढला. खेळाडूंचे पगार आभाळाला भिडले. प्रेक्षक मात्र एकच होता, आणि तो वैतागून घरी बसला.

डिसेंबर 1997 मध्ये तह झाला, दोन्ही स्पर्धा एक झाल्या. लढले साहेब, किंमत मोजली कोणी, ते बघा. रेड्स बंद. क्रशर्स बंद. न्यूकॅसलचा दुसरा संघ बंद. 1998 संपता संपता अॅडलेड बंद, गोल्ड कोस्टही बंद. रेड्स या भांडणात न्यूजच्याच बाजूला होते, तरी वाचले नाहीत. मॅट गेयर, रॉडनी हाऊ असे पर्थचे खेळाडू न्यूजने नव्याने काढलेल्या मेलबर्न स्टॉर्मकडे गेले आणि मेलबर्नने दुसऱ्याच वर्षी, 1999 मध्ये, अजिंक्यपद जिंकलं. मेलबर्नचं मी कौतुकच करतो. फक्त पर्थमध्ये बसून तो सामना बघणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला काय वाटलं असेल, एवढंच मनात येतं.

तहात ठरलं की 2000 पर्यंत चौदाच संघ ठेवायचे. मग सुरू झाली लग्नं लावायची घाई. सेंट जॉर्ज आणि इलवारा एक झाले. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स एक झाले. मॅनली आणि नॉर्थ सिडनी, एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी, त्यांनाही एका जर्सीत घातलं. इंग्लंडमध्ये तर 1995 सालीच मर्डॉकच्या 8.7 कोटी पाउंडांच्या करारासोबत विलीनीकरणाची यादी आली होती. हल शहरात नदीच्या दोन काठांवरचे दोन हाडवैरी क्लबसुद्धा एक करायला निघाले होते. लोक रस्त्यावर आले म्हणून ते फसलं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. उद्या शाहू स्टेडियमवर कोणी सांगितलं की पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉलमधल्या दोन कट्टर तालमी एक करा, खर्च वाचेल, तर काय होईल? तालीम म्हणजे अकरा खेळाडूंचं नाव नव्हे. त्यात आजोबांची वर्गणी असते, गल्लीतल्या पोरांनी रात्र जागून लावलेल्या पताका असतात, हरल्यावर न जेवलेलं घर असतं. ताळेबंदात यातलं काहीच येत नाही, म्हणून ताळेबंद बघणाऱ्याला वाटतं की ते नाहीच.

साउथ सिडनीने लग्न नाकारलं. 1908 पासूनचा, रेडफर्नच्या कष्टकरी वस्तीचा, सर्वाधिक विजेतेपदं मिळवलेला क्लब. 1999 नंतर त्याला सरळ बाहेर काढलं. जॉर्ज पिगिन्स हे त्यांचे अध्यक्ष, जुने खेळाडू. ते कोर्टात गेले आणि लोक रस्त्यावर. नोव्हेंबर 2000 मध्ये सिडनीत सुमारे 80 हजार माणसं लाल-हिरव्या रंगात चालली. 2001 मध्ये अपिलात क्लब जिंकला, 2002 मध्ये परत आला. पुढे 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल न्यूजच्या बाजूने फिरवला. कायद्याच्या कागदावर साउथ्स हरले, पण तोवर ते मैदानात होते आणि त्यांना पुन्हा हात लावायची कोणाची छाती झाली नाही. 2014 मध्ये ते 43 वर्षांनी अजिंक्य झाले. त्या रात्री मी पर्थमध्ये एका अनोळखी माणसाला मिठी मारली होती.

पण 80 हजार माणसं सिडनीत होती. पर्थकडे तेवढी नव्हती, कारण इथे संघाला वयच मिळालं नाही. तीन हंगाम! तीन हंगामांत वडील मुलाला हात धरून नेतात एवढंच होतं. मुलगा मोठा होऊन आपल्या मुलाला नेईपर्यंत वीस वर्षं लागतात. ती वीस वर्षं कोणी तरी तोटा सोसून द्यावी लागतात.

दुसऱ्या खेळाने ती दिली, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं. ज्या 1995 साली रेड्स आले, त्याच साली याच शहरात एएफएलने, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या स्पर्धेने, फ्रिमँटलचा संघ आणला. बाद फेरी गाठायला त्यांना 2003 उजाडलं. अजून एकही अजिंक्यपद नाही. पण संघ आहे, माझ्या शेजारच्या घरावर त्यांचा जांभळा झेंडा आहे. अॅडलेडमध्येही 1997 साली दोन्ही खेळांनी एकेक संघ आणला. एएफएलचा पोर्ट अॅडलेड आज तिथे मुरलेला आहे, रग्बी लीगचा रॅम्स दोन हंगामांत गेला. गोल्ड कोस्टला एएफएलने 2011 मध्ये संघ दिला. त्यांनी पहिल्यांदा बाद फेरी गाठली ती 2025 मध्ये. चौदा वर्षं कोणी "बंद करा" म्हणून कुऱ्हाड चालवली नाही. खेळ कोणता चांगला हा वाद मी घालत नाही. धीर कोणाकडे होता ते सांगतोय.

पुण्यातल्या मित्रांना हे परकं वाटू नये. पुणे वॉरियर्स तीन हंगाम, मग रायझिंग पुणे दोन हंगाम, 2017 ची फायनल एका धावेने हरले आणि संपलं. आज गहुंजेचं स्टेडियम आहे, पण आयपीएलमध्ये पुणं नाही. क्रिकेटला आपल्याकडे नवा चाहता शोधावा लागत नाही, म्हणून त्याचा ओरखडा उमटत नाही. पर्थमध्ये रग्बी लीगला एकेक चाहता घडवावा लागतो.

आता येणारा संघ 'पर्थ बेअर्स' आहे, आणि हे नाव कुठून आलं ते इथल्या मुलांना सांगायला हवं. बेअर्स म्हणजे नॉर्थ सिडनी. तोही 1908 चा. शेवटचं विजेतेपद 1922 चं. सिडनीच्या उत्तरेकडच्या गॉसफर्डला जाऊन नवं आयुष्य सुरू करायचं ठरवलं होतं, तिथलं स्टेडियम लांबलं, कर्ज वाढलं, आणि 1999 नंतर मॅनलीशी ती जबरदस्तीची सोयरीक. 2002 मध्ये ती मोडली तेव्हा मॅनली वाचले, बेअर्स खालच्या स्पर्धेत गेले. तिथे ते दोन दशकांहून जास्त काळ लाल-काळ्या रंगात खेळत राहिले. म्हणजे एकाच युद्धात घायाळ झालेले दोघे, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा, आता एका नावाखाली येताहेत. काही मित्र म्हणतात, सिडनीचं शिळं नाव आम्हाला कशाला. मला तसं वाटत नाही. ज्यांनी सोसलंय त्यांना दुसऱ्याचं सोसणं कळतं. पण डिकीतल्या त्या लाल जर्सीलाही नव्या संघाच्या इतिहासात जागा हवी. बेअर्सचे 1908 पासूनचे दिवस मोजणार असाल तर रेड्सची तीन वर्षंही मोजा.

पैसा कोणाचा, हा प्रश्न मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सरकारने सात वर्षांसाठी 6.5 कोटी डॉलर कबूल केलेत. चांगलं झालं, यावेळी पाहुण्यांच्या तिकिटांसाठी संघाला कंगाल व्हायला नको. पण सात वर्षांनी? सरकार बदललं तर?

2028 मध्ये येणाऱ्या पापुआ न्यू गिनीच्या संघाबद्दल तर ही काळजी दुप्पट आहे. रग्बी लीग हा ज्यांचा राष्ट्रीय खेळ मानला जातो असा तो देश. त्यांचा हंटर्स संघ 2014 पासून क्वीन्सलँडच्या स्पर्धेत खेळतो आणि 2017 मध्ये त्यांनी ती जिंकली. निव्वळ प्रेमाच्या हिशेबावर राजधानी पोर्ट मोर्सबीला संघ कधीच मिळायला हवा होता. मिळाला डिसेंबर 2024 मध्ये, तोही ऑस्ट्रेलियन सरकारने दहा वर्षांसाठी 60 कोटी डॉलर मांडल्यावर. पॅसिफिकमध्ये चीनचा वावर वाढला म्हणून हा पैसा निघाला, हे कोणी लपवलेलं नाही. पापुआ न्यू गिनीने चीनशी सुरक्षा करार केला तर ऑस्ट्रेलिया हात काढून घेऊ शकतं. म्हणजे तिथल्या मुलांचा संघ टिकणार की नाही हे मैदानाबाहेरच्या, त्यांनी कधी न पाहिलेल्या टेबलावर ठरणार. 1997 मध्ये ते टेबल टीव्हीवाल्यांचं होतं, आता परराष्ट्र खात्याचं आहे.

म्हणून मला एनआरएलकडून एक गोष्ट लेखी हवी आहे. पर्थ असो वा पोर्ट मोर्सबी, वीस वर्षं संघ बंद होणार नाही, हलवला जाणार नाही, कोणाशी जोडला जाणार नाही. सरकारी मदत थांबली तर खड्डा स्पर्धा भरेल. 2012 पासून न्यूज बाहेर पडून स्वतंत्र आयोग कारभार बघतोय, स्पर्धेकडे पैसा आहे, लास वेगासला जाऊन सामने भरवण्याइतका आहे. तसाच तो पर्थच्या उपनगरांतल्या मैदानांवर दिवे लावायला आणि मुलांचे वयोगट भरायलाही हवा. 2019 मध्ये स्टेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड या मानाच्या लढतीचा, सामना इथे झाला तेव्हा सुमारे 60 हजार लोक आले होते. दुसऱ्या दिवशी संघ विमानात बसून गेले आणि आमच्या मैदानावर तीच मुलं, तेवढीच.

मी सभासद झालोय, माझा आणि मुलाचा असे दोन पास घेतलेत. कोचला विचारलं, तू घेतलास का? त्याने चेंडूंची पिशवी बांधली, जर्सी होती तशी नीट झाकली आणि म्हणाला, "2030 मध्ये घेईन. चौथा हंगाम सुरू झाला की."