आधी टीव्ही तापू दे

गेल्या रविवारपासून आमच्या समोरच्या काकांना सोसायटीत ‘टीव्हीवाले काका’ म्हणायला लागलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई तर परवा त्यांना वायफाय दाखवायला घेऊन गेल्या. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला लिफ्टमध्ये फक्त पाण्याचा टँकर आला का, एवढंच विचारतात.

झालं ते भराभर सांगतो, कारण त्यात माझी शोभा कुठेच नाही. सासऱ्यांची पंचाहत्तरी आमच्याकडे होती. आमरस-पुरी झाल्यावर सगळ्यांना मेव्हण्याची १९९१ सालची मुंज दाखवायची असा बेत. मूळ कॅसेटला बुरशी आलेली. ती साफ करून घेतली, तिची फाइल करून घेतली आणि आमच्या घरगुती सर्व्हरवर टाकली. सर्व्हर हा शब्द मी वापरतो, घरातले ‘ती डबी’ म्हणतात. आत एक रास्पबेरी पाय आहे. शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून हा क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर २०१२ मध्ये इंग्लंडात निघाला. मुलांनी किती फायदा घेतला कल्पना नाही, पण चाळिशी उलटलेल्या बापांना मात्र शनिवारी बायकोशेजारी न बसण्याचं सबळ कारण मिळालं. त्याला दोन टीबीची हार्ड डिस्क लावून मी ती डबी टीव्हीच्या मागे ठेवलीय. तीन वर्षं कुरकुर नाही.

दुपारी लाइट गेली. अर्ध्या तासाने आली. सतरा माणसं हॉलमध्ये जागा पकडून बसली, सासूबाईंनी चष्मा पुसला, मी टीव्ही लावला, आणि काळ्या पडद्यावर दोनच शब्द आले: ‘नो सिग्नल’. आमच्या टीव्हीवर ते एका जागी थांबतही नाहीत. घर शोधत फिरणाऱ्या भाडेकरूसारखे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत राहतात, आणि सतरा माणसांच्या माना त्यांच्यामागे.

मी घाबरलो नाही. पहिला उपाय जगजाहीर आहे. स्पाइक गार्डचं लाल बटण दाबलं, दहापर्यंत मोजलं, परत चालू केलं. रिमोटने टीव्ही लावला. नो सिग्नल. वायर बदलली. ही वायरसुद्धा सरळ नाही. टीव्हीला चित्र आणि आवाज नेणाऱ्या या एचडीएमआय वायरची पिन मोठी, मिनी आणि मायक्रो अशा तीन मापांत येते आणि या डबीला मायक्रो लागते. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ ती मागितली तेव्हा दुकानदाराने आधी मिनी दिली, मग मोबाइलच्या चार्जरची दिली, आणि मग ‘साहेब, टीव्हीच बदला ना’ असा सल्ला दिला. नखाएवढ्या त्या टोकात एकोणीस तारा असतात. एवढा ऐवज ज्याने तिथे कोंबला, त्याला एकदा टीव्हीच्या मागे हात घालून, न बघता, पाहुण्यांसमोर ती पिन बसवायला लावली पाहिजे.

तोवर साडूंच्या चिरंजिवांनी मोबाइलवर मुंज लावलीसुद्धा. डबी घरच्या वायफायवर बिनबोभाट फाइल देत होती. म्हणजे सर्व्हर ठणठणीत, डिस्क ठणठणीत, फाइल ठणठणीत. फक्त टीव्हीशी बोलणं बंद. “काका, माझ्याकडे तर दिसतंय,” असं तो म्हणाला, आणि सहा इंची पडद्याभोवती माझे अर्धे प्रेक्षक गोळा झाले. साडू म्हणाले, “असू द्या हो, आमच्याकडे आम्ही साधा पेन ड्राइव्हच लावतो.” साडूंबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. घरात वाचतात.

मग मी लॅपटॉप काढला. इथे माझं खरं चुकलं, कारण लॅपटॉप काढला की घरातले आशा सोडतात. डबीचं मेमरी कार्ड काढलं, त्यातली कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही सेटिंगची फाइल उघडली, ‘समोर टीव्ही नसला तरी आहे असं समज’ या अर्थाची ओळ त्यात घातली. कार्ड परत आत, लाल बटण, रिमोट. नो सिग्नल. त्या ओळीला डबीतला नवीन ड्रायव्हर, म्हणजे चित्र बाहेर सोडणारा प्रोग्रॅम, विचारतच नाही, हे मला रात्री साडेबाराला कळलं. जुन्या सरपंचाचं पत्र घेऊन नव्या ग्रामसेवकाकडे जावं तसं झालं.

आणि नेमके तेव्हा समोरचे काका आले.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त. आमरसाची वाटी परत करायला आले होते. दार उघडं, आत सतरा माणसं आणि जमिनीवर पालथा मी. “काय झालं रे?” त्यांनी विचारलं.

“सिग्नल येत नाहीये,” सासूबाई म्हणाल्या.

हा शब्द उच्चारायला नको होता. काकांचा चेहरा एकदम १९७८ सालचा झाला. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या वाड्यातला पहिला टीव्ही त्यांचा. सरकत्या लाकडी दारांचा, कुलूपवाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुण्याला ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दिसायचं, म्हणून छपरावरच्या अँटेनाचं तोंड गडाकडे लागायचं. ही माहिती काकांनी मला सहा वर्षांत किमान चाळीस वेळा दिली आहे. आमची सोसायटी सिंहगड रोडला असल्यामुळे ती देताना ते बोटाने गडही दाखवतात.

वाटी टीपॉयवर ठेवून काका थेट गॅलरीत गेले. कपाळावर हात धरून दोन मिनिटं गडाकडे बघितलं. परत येऊन म्हणाले, “मनोरा आहे जागेवर.”

“काका, याचा गडाशी काही संबंध नाही. ही वायर आहे. सिग्नल इथून इथे जातो. दीड मीटर.”

“दीड मीटरमध्ये हरवला?” काका म्हणाले. हॉलमध्ये पहिला हशा पिकला.

मग त्यांनी खोडरबर मागितलं. माझ्या मुलीने कंपासमधून काढून दिलं, अंड्याच्या आकाराचं, गुलाबी, वासाचं. काकांनी पिन बाहेर काढली, मांडीवर रुमाल पसरला आणि ती पिन रबराने घासायला घेतली. “वाड्यात चित्रात मुंग्या आल्या की आम्ही हेच करायचो.” मग पिनेत फुंकर मारली. मग माझ्याकडे धरून म्हणाले, “तू मार, तुझा दम जास्त आहे.” बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या मी फुंकर मारली. का मारली, हे मला अजून कळलेलं नाही. सतरा माणसं बघत असली की माणूस मारतो.

“यात कॅसेट कुठे घालतोस?”

“कॅसेट नाही काका. फाइल आहे.”

“तरीच,” ते म्हणाले. यात ‘तरीच’ काय होतं?

मग ते टीव्हीच्या मागे वाकले आणि त्यांना स्पाइक गार्ड दिसला. एक पिन टीव्हीची, एक डबीची, वर एकच लाल बटण. काका सावकाश सरळ झाले. कॅशमध्ये शंभराची नोट कमी लागल्यावर त्यांनी आयुष्यभर जसा चेहरा केला असेल, तसा केला. “दोघांना एकाच बटणावर लावलंयस? एकदम सुरू करतोस? अरे इंजिनियर ना तू? आधी टीव्ही तापू दे. मग हे पिल्लू लाव.”

“काका, तापायला लागायचं ते जुन्या टीव्हीला. आत काचेचे व्हॉल्व्ह असायचे, पिक्चर ट्यूब असायची. हा एलईडी आहे. हा तापत नाही.”

त्यांनी टीव्हीच्या पाठीवर पंजा ठेवला. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. “मग हे गरम काय लागतंय?”

सासूबाई उठून आल्या. त्यांनीही हात ठेवला. “गरम आहे हो.” मेव्हणीने ठेवला. एकेक करून सात-आठ जणांनी माझ्या टीव्हीच्या पाठीला हात लावला, दर्शनाची रांग असावी तशी, आणि सगळ्यांचं एकमत झालं.

काकांनी डबीचा अडॅप्टर उपटला. लाल बटण चालू. रिमोटने टीव्ही चालू. मग सोफ्यावर बसले, मनगटी घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणाले, “सात मिनिटं. कोणी बोलू नका.” बोलले फक्त ते स्वतः. आधी स्टॅबिलायझर, मग टीव्ही, आवाज आधी यायचा, चित्र मागाहून. १९८२ साली एशियाडच्या वेळी रंगीत आला तेव्हा शेजाऱ्याने रंगीत घेतला आणि काकांनी आपल्या पडद्यावर निळी काच लावली. छपरावर धाकटा भाऊ, जिन्यात काकू, घरात आई. ‘आलं का?’ ‘गेलं!’ ‘आता?’ ‘आलं, आलं, हलू नकोस!’ भाऊ पाऊण तास तसाच उभा राहिला म्हणे. सासरे खूश होऊन डोलत होते, कारण त्यांच्याही घरी तसाच भाऊ होता. माझ्या टीव्हीवर ते दोन शब्द मुकाट फिरत होते.

सात मिनिटांनी काकांनी अडॅप्टर लावला. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. एक, दोन, तीन. आणि पडद्यावर चित्र आलं.

टाळ्या. अक्षरशः टाळ्या.

मला त्याच क्षणी सगळं लख्ख कळलं. म्हणजे तीन सेकंद उशिरा. ही डबी आणि टीव्ही यांचा व्यवहार कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखा असतो. डबी जागी झाली की अठराव्या तारेवरून पाच व्होल्ट पाठवते, कुणी आहे का घरात? टीव्हीने एकोणिसाव्या तारेवरून हो म्हणायचं. मग टीव्ही १२८-१२८ बाइटच्या तुकड्यांत स्वतःची पत्रिका पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात: कंपनीची तीन अक्षरं, जन्मवर्ष, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, कुठलं चित्र झेपतं. ती बघून डबी चित्र सोडते. आमचा टीव्ही लाइट आली की स्टँडबायमध्ये पडून राहतो आणि झोपेत एकोणिसावी तार उचलत नाही. डबी मात्र लाइट येताच टुणकन उठते, विचारते, उत्तर नाही, मग इथे कोणी राहत नाही असं समजून चित्राचा नाद सोडते. आणि मी दर वेळी लाल बटणाने दोघांना एकत्र उठवत होतो! तीनदा!

हे मी तिथेच सांगायला घेतलं. पाच व्होल्टपर्यंत पोचलो तेवढ्यात मेव्हणी म्हणाली, “श्श! मातृभोजन आलंय.”

रात्री भांडी आवरताना बायकोला पूर्ण सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे आधी टीव्ही लावायचा आणि मग डबी. काका तेच म्हणत होते ना?”

तेच म्हणत नव्हते! ते तापायचं म्हणत होते! उत्तर बरोबर आणि रीत सपशेल चूक असली की आमच्या शाळेत शून्य द्यायचे. इथे त्यांना पंचाहत्तरीची उरलेली शाल आणि नारळ दिला. सासऱ्यांनी स्वतः. ती शाल मी आणली होती, लक्ष्मी रोडवरून, पार्किंगसाठी पाऊण तास फिरून.

राग काकांवर नाही खरं तर. राग या टीव्हीवर आहे, त्याच्या कंपनीचं नाव घेत नाही. सुरू व्हायला चाळीस सेकंद, त्यात पहिल्या पानावर मी न मागितलेल्या जाहिराती, दर महिन्याला नवीन अटी मान्य करा, माझा आवाज ऐकू का, माझी आवड जाणून घेऊ का. एवढ्या चौकशा करणाऱ्याला झोपेत एक तार उचलता येत नाही? पूर्वीच्या टीव्हीत बिघाड झाला की मुंग्या यायच्या, पट्टे यायचे, चित्र वर पळायचं. काहीतरी बिनसलंय आणि साधारण कुठे बिनसलंय, ते दिसायचं. आता दोन शब्द. वायर तुटली तरी तेच, पत्रिका जुळली नाही तरी तेच, डबी मेली तरी तेच. आणि घरात एक ‘कॉम्प्युटरवाला’ असला की बाकी सतरा जण निर्धास्तपणे मांडी घालून बसतात. वाड्यात निदान भाऊ छपरावर तरी जायचा.

सोमवारी रात्री मी पक्का बंदोबस्त केला. टीव्ही जागा असताना त्याच्या पत्रिकेची झेरॉक्स डबीच्या कार्डावर ठेवता येते. माझ्या डबीत त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे, ‘गेटईडीआयडी क्रिएट’. आता टीव्ही कितीही घोरत पडला तरी डबी झेरॉक्स बघून चित्र सोडणार. फक्त ते सिद्ध व्हायला लाइट जायला हवी होती.

गुरुवारी गेली. दुरुस्तीचा वार, जाणारच होती. मी मुद्दाम घरून काम घेतलं होतं. अकराला गेली, आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी काका आले. “म्हटलं, येईल तेव्हा मी इथे असलेला बरा.” दोन तास बसले. तीन वेळा चहा. मी त्यांना हात जोडून सांगितलं, काका, लाइट आली की कशालाही हात लावायचा नाही. मला एक प्रयोग करायचाय. आधी डबी पूर्ण उठू दे, मग मी टीव्ही लावतो. ते ‘बरं बरं’ म्हणाले.

एक वाजून दहा मिनिटांनी पंखा फिरला. मी डबीच्या दिव्याकडे वळलो तोवर मागे टीव्ही सुरू झाल्याची धून वाजली. रिमोट काकांच्या हातात होता.

“सवय रे,” ते म्हणाले. चित्र आलं. झेरॉक्सने आलं की काकांनी, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

जाताना त्यांनी टीव्हीच्या खालच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली. बँकेच्या जुन्या पे-स्लिपच्या पाठीमागे, ठळक, सुवाच्य अक्षरात: ‘आधी टीव्ही. मग डबी.’ खाली तारीख आणि कॅशियरची लफ्फेदार सही. बायको ती काढू देत नाहीये.