चार मॅचचा क्वार्टरबॅक

काल आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या (NFL) ग्रुपवर एकाने ठोकून दिलं, "आपल्या बॅकअपला सेकंड राउंडचा पिक सहज येईल रे, चार मॅच काय खेळलाय!" म्हणजे आपला राखीव क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) विकला तर बदल्यात ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या, दुसऱ्या फेरीत एक खेळाडू उचलायचा हक्क मिळेल. चार मॅच! भाड्याचं घर बघताना आपण याहून जास्त वेळा नळ सोडून बघतो.

हा रोग मलाही होता, लपवत नाही. आम्ही बे एरियातली फोर्टीनायनर्सची माणसं. २०१७ च्या ऑक्टोबरअखेर पेट्रियट्सचा बॅकअप क्वार्टरबॅक जिमी गरॉपोलो आमच्याकडे आला तेव्हा मी नाचलो होतो. पेट्रियट्सकडून तो सुरुवातीपासून खेळला होता फक्त दोन मॅच, त्यातही दुसऱ्यात खांदा दुखावला. आम्ही दिला सेकंड राउंडचा पिक. आल्या आल्या त्याने पाचही मॅच जिंकल्या. पण तो भाव त्या दोन मॅचनी थोडाच ठरवला होता? त्याचा करार त्या सीझनला संपत होता आणि त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, चाळिशीचा ब्रेडी, जागचा हलत नव्हता. पेट्रियट्सना विकणं भागच होतं.

पेट्रियट्सच्याच मॅट कॅसलचंही बघा. २००८ ला पहिल्याच मॅचमध्ये ब्रेडीचा गुडघा गेला आणि हायस्कूलनंतर क्वार्टरबॅक म्हणून एकदाही स्टार्ट न केलेला (म्हणजे मॅच सुरुवातीपासून न खेळलेला) हा पठ्ठ्या पंधरापैकी दहा मॅच जिंकला. पण टीम कुठली? आदल्या वर्षी रेग्युलर सीझनमध्ये १६-० केलेली, मॉस आणि वेल्कर या पास झेलणाऱ्या दिग्गजांची. कॅसल वाढपी होता हो, आचारी नाही. कॅन्सस सिटीने ३४ नंबरचा पिक दिला (सोबत बचावपटू व्रेबलही आला, म्हणून अगदीच लुबाडले गेले असं नाही म्हणवत). २०१० चं एक वर्ष बरं गेलं, २०१३ मध्ये नारळ.

आणि रॉब जॉन्सन! जॅग्वार्सकडून एक मॅच स्टार्ट केली होती, एक. १९९८ मध्ये बफेलोने त्याच्यासाठी फर्स्ट राउंडचा, नववा पिक मोजला. जॅग्वार्सनी त्यावर बॉल घेऊन पळणारा फ्रेड टेलर उचलला. बफेलोत त्याच सीझनला जॉन्सनच्या जागी दुसरा क्वार्टरबॅक फ्लूटी खेळायला लागला. गरजवंताला अक्कल नसते ती अशी.

कोणीतरी पुढे दिग्गज क्वार्टरबॅक झालेल्या फार्व्हचं नाव काढणारच, म्हणून आधीच सांगतो. अटलांटात त्याने चार पास टाकले, एकही पूर्ण नाही, दोन इंटरसेप्ट, म्हणजे समोरच्यांनीच झेलले. तरी १९९२ मध्ये ग्रीन बेचा मॅनेजर रॉन वुल्फ याने फर्स्ट राउंडचा पिक दिला, कारण कॉलेजातला फार्व्ह त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. आदल्या वर्षी वुल्फ जेट्सकडे असताना ड्राफ्टमध्ये जेट्सच्या एकच नंबर आधी अटलांटाने फार्व्हला उचललं होतं. म्हणजे बेंचवरचे आकडे वुल्फने बघितलेच नाहीत म्हणा ना.

विकणाऱ्याच्या बाजूने मला ईगल्सचा बॅकअप फोल्स आठवतो. सुपर बोल जिंकल्यावर २०१८ मध्ये सगळे ओरडत होते, आत्ता विका, भाव आहे. ईगल्सनी ठेवला. डिसेंबरात मुख्य क्वार्टरबॅक वेंट्झची पाठ गेली आणि फोल्सनेच टीम प्लेऑफमध्ये नेली.

तर आपल्यावाल्याला फोर्थ राउंडचा पिक कोणी देऊ केला तर मी फोनसुद्धा उचलणार नाही. सेकंडचा दिला, तर बॅगा भरून विमानतळावर मीच सोडून येतो.