मतदानाच्या आदल्या रात्रीचं पाकीट

निवडणूक लागली की सोलापुरात चौकाचौकात एक सल्ला फिरायला लागतो. "पैसे सगळ्यांचे घ्या, मत मनाला येईल त्याला द्या." चांगली शिकलेली, भली माणसंही तो देतात. गरिबाच्या हातात चार पैसे पडतात आणि मतही विकलं जात नाही, मग बिघडलं कुठं, असा त्यांचा हिशेब. मला हा सल्ला अजिबात मान्य नाही. का, ते सांगण्याआधी वाटप कसं चालतं ते सांगायला हवं.

वाटप शेवटच्या रात्री दिसतं, पण यादीवरचं काम कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. एका बूथला साधारण हजार-बाराशे मतदार. यादीची पानं सुटी करून गल्लीतल्या पोरांना देतात, एकेकाकडे वीस-पंचवीस घरं. प्रत्येक नावापुढं पेनानं खूण होते: आपला, त्यांचा, कुंपणावरचा, मयत, पुण्याला गेलेला. ही शेवटची खूण आपल्याकडं पानोपानी असते, त्यांच्या येण्याजाण्याच्या भाड्याची सोय वेगळी करतात. खरा पैसा कुंपणावरच्या घरांसाठी. रोकड एका जागी ठेवत नाहीत. भरारी पथकाला प्रचाराच्या गाडीत 50,000 रुपयांच्या वर रोकड सापडली तर ती जप्त होऊ शकते. म्हणून ती आधीच चार-पाच घरांत विभागून ठेवतात, पाचशेच्या नोटांत. ऑनलाइन कुणी पाठवत नाही, माग राहतो.

महापालिकेला आणखी एक गुंता असतो. चार जणांचा प्रभाग, मतदाराला चार बटणं. त्यामुळं पाकीट पॅनेलचं, म्हणजे एकत्र लढणाऱ्या चौघा उमेदवारांचं निघतं. "अक्का, चारी बटणं आपलीच बरं का." पण चौघांनी घातलेली रक्कम सारखी नसते. ज्यानं जास्त घातली त्याचा माणूस मागाहून येऊन एकच बटण पक्कं करून जातो, आणि पॅनेल आतूनच फुटतं. मधला माणूस पाकिटातली नोट काढून घेतो. एका गल्लीत हजार गेले, पलीकडं पाचशेच पोचले, की रात्रीतून बोंब होते आणि भाव फुटतो. सकाळी काही घरं दार लावून बसतात, "आमचं अजून आलं नाही, आल्याशिवाय आम्ही निघत नाही." माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच. ज्या माणसानं एरवी आपल्या मनानं मत दिलं असतं, तोच आता पैशाची वाट बघत घरात बसतो.

काही ठिकाणी बेलभंडारा हातावर ठेवून शब्द घेतात. म्हाताऱ्या बायका त्या शब्दाला घाबरतात. त्यांना घरातल्यांनी स्पष्ट सांगावं की असला शब्द पाळायची कसलीही जबाबदारी त्यांच्यावर नाही, पाप शपथ घालणाऱ्याचं आहे. दुसरी भीती, "कुणाला दिलं ते कळतं त्यांना." नाही कळत. कुणी कोणतं बटण दाबलं याची नोंद यंत्रात होत नसते. विधानसभा-लोकसभेला व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची चिठ्ठी काचेमागं 7 सेकंद दिसते आणि पेटीत पडते, घरी येत नाही. कळतं ते बूथचं. मोजणी बूथनिहाय होते, त्यामुळं सातशे जणांना पैसे वाटले आणि मतं अडीचशेच पडली, हे मोजणीच्या दिवशी उघड होतं. मग ती गल्ली पाच वर्षं मागं पडते. सगळ्या बूथची मतं एकत्र करून मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगानं 2008 साली दिला होता. विधी आयोगानं 2015 साली त्याची शिफारस केली. अजून ते वापरात आलेलं नाही. पैशाची निवडणूक नको म्हणणाऱ्या प्रत्येक पक्षाला याबद्दल जाब विचारायला पाहिजे.

आता मूळ सल्ल्याकडं येतो. मत दुसऱ्याला टाकलं तरी त्या पाकिटानं एक गोष्ट विकत घेतलेलीच असते, ती म्हणजे तुमचा तोंड उघडून विचारायचा हक्क. ड्रेनेज तुंबलं, पाणी चार दिवसांनी आलं, म्हणून एखादी विडी कामगार बाई नगरसेवकाच्या ऑफिसात जाते. आत कुणीतरी म्हणतं, "आम्हाला काय फुकट मत दिलतं का ओ? मोजून दिलंय तुम्हाला." ती गप्प होते. तिनं मत कुणाला दिलं होतं याला तिथं काहीच किंमत नसते. आणि ज्या शेजारणीनं पैसे नाकारले, तिलाही तेच ऐकावं लागतं, कारण वाटपाचा हिशेब गल्लीचा असतो.

खर्चाचा अंदाज करून बघा. प्रभागात आठ हजार जणांना हजार-हजार दिले असं धरा. 80 लाख झाले, चौघांत वाटले तर माणशी 20 लाख. आपल्यासारख्या महापालिकेत नगरसेवकाचं मानधन 2017 साली महिना 10,000 ठरलं, म्हणजे 60 महिन्यांचे 6 लाख. बाकीचे वसूल होतात ते कामातून. डांबराचा थर पातळ होतो, ड्रेनेजच्या पाइपाखालचं काँक्रीट गायब होतं, पहिल्या पावसात चेंबर खचतं. बिल मात्र पूर्ण निघतं.

कायद्यानं देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम 170 वाचा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. प्रकरणं थंड पडतात ती इथंच. पक्का पुरावा सापडला तर काय होऊ शकतं ते वेल्लूरला दिसलं. 2019 साली वॉर्डांची नावं लिहिलेली नोटांची बंडलं सापडली आणि तिथली लोकसभेची निवडणूकच रद्द झाली.

"घेतले, पण मत दुसऱ्याला दिलं" हा बचाव आमदारांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयात झालेला आहे. झारखंडच्या तेव्हाच्या आमदार सीता सोरेन यांच्या प्रकरणात 4 मार्च 2024 रोजी सात न्यायमूर्तींनी निकाल दिला की लाच स्वीकारली तिथंच गुन्हा पुरा होतो, मत पुढं कुणाला पडलं याचा संबंध नाही. 1998 चा आमदार-खासदारांना संरक्षण देणारा निकाल त्यांनी रद्द ठरवला. सभागृहातल्या माणसाला जो न्याय, तोच विचार मतदारालाही लागू पडतो.

तरीही दोष सगळ्यांचा सारखा नाही. हजार विड्या वळून पोट भरणाऱ्या बाईनं घेतलेले पैसे आणि अपार्टमेंटनं 'फुकट' बसवून घेतलेले पेव्हर ब्लॉक, बोअर, सीसीटीव्ही यांत मला दुसरा व्यवहार जास्त वाईट वाटतो. तिथं गरज नव्हती, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे आभारही मानले गेले. मंडळाच्या वर्गणीचंही तेच. देणारा आणि मधला माणूस यांचा दोष तर सगळ्यांच्या वर.

वाटप दिसलं तर विधानसभा-लोकसभेला निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप वापरा, नाव न देताही तक्रार करता येते. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. जागा आपोआप नोंदते आणि 100 मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, तिथं प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करून पोच घ्या. व्हिडिओत खुणा केलेलं यादीचं पान, गाडीचा नंबर आणि वाटणाऱ्याचा चेहरा नीट येऊ द्या. हात पुढं केलेल्या आजीचा चेहरा घेऊ नका.