बाराबंदी दिसली म्हणून नंदीध्वजवाला?

परीक्षा जवळ आली की इथल्या एमएस्सीच्या पोरांत उंदराच्या पेशी अँटीबॉडीने (ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनाने) रंगवून ओळखण्याबद्दल एक टिपण फिरतं: ‘मोनोक्लोनल अँटीबॉडी एकाच प्रकारच्या पेशीला चिकटते. जीआर-१ लागलं की न्यूट्रोफिल, एफ४/८० लागलं की मॅक्रोफेज. एनके१.१ लागलं नाही तर उंदरात एनके पेशीच नाहीत. आयसोटाइप कंट्रोल ठेवला की काळजी मिटली.’ (न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, एनके या प्रतिकारशक्तीच्या पेशी; जीआर-१, एफ४/८०, एनके१.१ या पेशींवरच्या खुणा; आयसोटाइप कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी वापरलेली, त्याच प्रकारची पण त्या रेणूला न लागणारी अँटीबॉडी.)

पाठ करायला सोपं आहे, पण पहिलंच वाक्य चुकलंय. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी दाखवलेल्या पद्धतीने मिळते ती एकाच क्लोनची, म्हणजे एकाच मूळ पेशीच्या वंशाची, अँटीबॉडी. ती ओळखते रेणूचा एक छोटासा भाग. तो रेणू कुणाकुणाच्या अंगावर आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) घातलेले हजारो जण दिसतात. नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलणारे त्यातले मोजकेच.

जीआर-१चं प्रकरण तर महागात पडतं. आरबी६-८सी५ हा जीआर-१चा क्लोन लाय६जी हा रेणू पकडतो, तसा लाय६सीसुद्धा, आणि लाय६सी मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही असतो. म्हणजे न्यूट्रोफिल काढून टाकायला ही अँटीबॉडी उंदराला टोचली, तर मोनोसाइटही जाऊ शकतात. मग परिणामाचं श्रेय एकट्या न्यूट्रोफिलला कसं द्यायचं? त्यासाठी फक्त लाय६जी ओळखणारा १ए८ क्लोन घ्या. पण त्यातही एक गंमत आहे. १ए८ टोचून नंतर १ए८नेच रंगवलं, तर उरलेल्या न्यूट्रोफिलवरची जागा आधीच अडलेली असते. पेशी असूनही दिसत नाहीत, आणि आपण ‘सगळ्या गेल्या’ म्हणून खूश!

एफ४/८० इओसिनोफिल या आणखी एका पांढऱ्या पेशीवरही असतं. त्या वेगळ्या ओळखायला सिग्लेक-एफ या रेणूची अँटीबॉडी सोबत लावा. मात्र फुप्फुसातल्या वायुकोशांतले मॅक्रोफेजही सिग्लेक-एफ दाखवतात, तिथे सीडी११सी हा आणखी एक रेणू बघावाच लागतो.

एनके१.१चा पीके१३६ क्लोन सी५७बीएल/६ जातीच्या उंदरात छान चालतो. बाल्ब/सी जातीत एनके१.१ या रिसेप्टरचं (पेशीवरच्या ग्राहक रेणूचं) रूप वेगळं, म्हणून तो लागत नाही. एनके पेशी तिथेही आहेतच, एनकेपी४६ या दुसऱ्या खुणेने बघा.

राहिला आयसोटाइप. अँटीबॉडी योग्य रेणूलाच लागली का, हे तो सांगत नाही. मॅक्रोफेजचे एफसी रिसेप्टर अँटीबॉडीची शेपटी धरतात, त्यासाठी आधी २.४जी२ या अँटीबॉडीने ते ब्लॉक करा. मेलेल्या पेशी काहीही चिकटवून घेतात, त्या वेगळ्या रंगाने वगळा. खरी कसोटी म्हणजे त्या रेणूचा जनुकच नसलेला उंदीर. त्याच्या पेशींवरही रंग दिसला, तर ती अँटीबॉडीची बाटली बाजूला ठेवा.